एनसीसी सक्तीची करावी का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-402: कॉलेजच्या प्रत्येक मुलाला एक वर्ष एनसीसीचं लष्करी प्रशिक्षण सक्तीचं हवं. रात्री दीडपर्यंत पार्किंगमध्ये गाड्यांवर बसलेली असतात. अंगाला वळण कधी लागणार?

सी-101: हे आपल्याकडे करून झालंय. 1962 मध्ये चीनशी युद्ध झालं आणि 1963 पासून कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. मी 1965 ला कॉलेजात गेलो. सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं, आम्ही पोरं नुसती पेटून उठलो होतो. खाकीला कडक इस्त्री, बुटांत तोंड दिसेल असं पॉलिश! पण मैदानात पोरं शेकड्यांनी आणि उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे फौजी, मोजके. फायरिंगची पाळी वर्षातून एकदा. दिवाळीनंतर हजेरी झाली की मागच्या रांगा गायब. कोणी डॉक्टरची चिठ्ठी आणायचा. 1968 ला सक्ती उठली, रांगा आटल्या, पण राहिलेल्या प्रत्येकाला उस्ताद नावानं ओळखायला लागले. खरं शिकलो ते तेव्हा.

ए-402: काका, तेव्हा साधनं तोकडी होती. सिंगापूर आजही प्रत्येक तरुणाची दोन वर्षं घेतंच ना?

सी-101: अरे, त्या देशाची लोकसंख्या 60 लाखांच्या आसपास. आपला पुणे जिल्हा त्याहून मोठा. इतक्या पोरांना शिकवायला माणसं सीमेवरून आणायची का?

डी-203: मला वेगळंच सांगायचंय. माझ्या मुलीला स्वतःहून जायचंय. खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, 2022 पासून मुली आहेत, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच. कॉलेजात एनसीसीच्या निवडीला चांगली धावली, पण जागाच संपल्या. घरी येऊन जेवली नाही. एनसीसीचं सी सर्टिफिकेट चांगल्या श्रेणीत मिळालं तर पदवीनंतर स्पेशल एन्ट्रीनं लेखी परीक्षेशिवाय एसएसबीची, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत देता येते. ती वाटच अडली. नको असलेल्यांना ओढून आणण्याआधी दारात उभ्या असलेल्यांना आत घ्या!

ए-402: ताई, हे माहीत नव्हतं. जागा आधी वाढवाव्यात, पटलं. पण एका सत्राची तरी सक्ती हवी, यावर मी ठाम आहे.

सी-101: डी-203, दुसऱ्या वर्षी जागा रिकामी झाली तर घेतात, कॉलेजात आत्ताच विचारून ठेव. आणि उद्या पहाटे साडेपाचला तिला खाली पाठव. गुडघे दुखतात, पण सावधान-विश्राम अजून शिकवू शकतो.

डी-203: पाठवते काका. आत्ताच बूट काढून ठेवलेत तिनं.