मदत हवी आहे: आईबाप ऊसतोडीला, लेकरांच्या लसीला होकार कुणाचा घ्यायचा?

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, सहावी-सातवीला. यंदा, 2022 मध्ये, 16 मार्चपासून 12 ते 14 वयाच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स ही करोनाची लस सुरू झाली. सिस्टर शाळेत येऊन टोचायला तयार आहेत. अडलंय होकारावर.

बऱ्याच लेकरांचे आईबाप कोल्हापूर-सांगलीकडं तोडीला आहेत. ऊस इतका उभा आहे की पाडव्याला परतणारी माणसं मे उजाडला तरी येतील असं दिसत नाही. घरी आजी. आजी म्हणते लेकाला विचारा. लेकाला रात्री फोन लावला की, "मॅडम, आम्ही आल्यावर बघू."

व्हॉट्सॲपवरच्या अफवा आहेतच. एका आजीनं थेट विचारलं, "पोरीला पुढं लेकरू व्हायचं नाही म्हणतेत, खरंय का?" पण खरं दुखणं तिथं नसावं. याच घरांनी 2018 ला शाळेत गोवर-रुबेलाची सुई टोचून घेतली होती. तेव्हाही आईबाप तोडीलाच होते. फरक इतकाच की गेल्या वर्षी मोठ्यांनी स्वतः लस घेतली आणि अंग फणफणलं, कामाचा खाडा पडला. आता इकडं लेकरू तापलं अन् आई गावाकडं निघाली तर कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडीची जोडी, मोडतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तर आधीच अंगावर. त्यांना लस नको असं नाही, मागं निस्तरणारं कुणी नाही.

शेजारच्या औरंगाबादेत नोव्हेंबरात लस नाही तर राशन-पेट्रोल नाही असा आदेश निघाला होता. रांगा लागल्या म्हणे. लेकरांच्या बाबतीत मला तसं काही नको आहे, लस ऐच्छिकच आहे.

कुणी अशा घरांशी बोललंय का? काय उपयोगी पडलं?

सुईदोरा: मी आरोग्यसेविका आहे. आजीला सांगा, बाळ जन्मलं की 24 तासांत कावीळ ब ची लस देतात, ही त्याच जातीची. यात जिवंत विषाणू नाही, मेलेलाही नाही, त्याच्यावरच्या काट्याचं प्रथिन तेवढं. मूल न होण्याला कसलाही आधार नाही. आणि एका कुपीत 20 डोस असतात, त्यामुळं पाच-सहा लेकरांसाठी सिस्टर कुपी फोडायला कचरतात. आधी नावं गोळा करा.

बांधावरचा: लहान मुलांना करोना जड जातच नाही. घाई कशाला? आईबाप आल्यावर घेतील की.

धागाकर्ती: @बांधावरचा, जड जातो तो क्वचितच, हे कबूल. लस घेतली म्हणजे लागण होणारच नाही असंही मी म्हणत नाही. पण ही लेकरं झोपतात आजीच्या कुशीत, अन् आजीला दमा.

@सुईदोरा, कुपीचं माहीत नव्हतं, आभार. लसीवर नाही, तापाच्या काळजीवर बोलले तर? टोचल्यावर अर्धा तास शाळेतच बसवायचं, पॅरासिटामॉल सिस्टर देतील, संध्याकाळी आशाताई घरी चक्कर मारतील. हे सगळं बापाला फोनवर आजीसमोर सांगायचं. टोळी नेणाऱ्या मुकादमालाही फोन करून बघते, टोळीत त्याचा शब्द चालतो.

सुईदोरा: असंच करा. शनिवारी सकाळच्या शाळेत ठेवा म्हणजे रविवार हाताशी राहतो. उपाशीपोटी कुणाला आणू नका, सुईला भिऊनच भोवळ येते आणि मग गावभर लसीचं नाव खराब होतं.

धागाकर्ती: आता दुसऱ्या डोसचं सांगा. 28 दिवसांनी म्हणजे ऐन सुट्टीत. निम्मी लेकरं मामाच्या गावाला. कोविनवर, म्हणजे लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, एका मोबाइलवर सहा नावं बसतात, त्यातली काही माझ्या नंबरवर घालावीत का? आजीकडं साधा फोन, मेसेज वाचता येत नाही. तिकडच्या केंद्रावर मेसेजमधला कोड मागितला की मी इथून फोनवर सांगायचा, असं कुणी केलंय का?