पायथनमधला संशोधनाचा कोड कोणी तपासायचा?

रात्रपाळी_डेव्ह: शास्त्रज्ञ पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरतात याचं कौतुक सगळीकडे होतं, पण त्यांचा कोड पेपर छापताना कोणी उघडूनसुद्धा बघत नाही. 2014 मध्ये नेचर प्रोटोकॉल्समधल्या केमिस्ट्रीच्या एका पेपरसोबत एनएमआरच्या (रेणूची रचना ओळखायची चुंबकीय पद्धत) गणितासाठी पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, दिल्या होत्या, इतरांनीही त्या वापरल्या. 2019 मध्ये हवाई विद्यापीठातल्या गटाला दिसलं की डेटा तोच, स्क्रिप्ट तीच, पण उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमवर उत्तर एक आणि विंडोजवर दुसरंच. कारण पायथनचं ग्लोब (glob) फंक्शन फोल्डरमधल्या फायली कुठल्या क्रमाने देईल हे पायथन ठरवत नाही, सिस्टीमवर असतं, आणि स्क्रिप्टने क्रम नेहमी तोच येणार असं धरलेलं. फायली क्रमाने लावणारं एक सॉर्ट टाकलं असतं तर विषय संपला होता! कोड रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी कोड तपासणं, सक्तीचा करा, एवढंच म्हणणं आहे.

दुर्बीणवाली: अजिबात पटलं नाही. तुम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे प्रोग्रामने काय करायचं ते आधी ठरलेलं असतं, जीएसटी चुकीचा लागला की लगेच कळतं. आमच्याकडे संशोधनात उत्तरच माहीत नसतं, ते शोधायलाच कोड लिहितो आणि त्यातला बराचसा फेकून देतो, त्या प्रत्येकाला टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा वेगळा कोड) लिहीत बसलं तर पीएचडी कधी व्हायची? पायथन आमच्यात रुजलं ते याचसाठी. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीमुळे अख्ख्या अ‍ॅरेचं, म्हणजे आकड्यांच्या रांगेचं, गणित एका ओळीत होतं, जड आकडेमोड आत सी ही वेगवान भाषा करते, आणि डोकं फिजिक्सकडे राहतं. आणि तुमच्याच उदाहरणात चूक सापडली कशी? स्क्रिप्ट उघडी होती म्हणून! कोड जाहीर करायची सक्ती करा, मी पहिली सही करते.

रात्रपाळी_डेव्ह: सापडली पाच वर्षांनी, ताई. मधल्या काळात ज्यांनी ते आकडे वापरले त्यांनी काय करायचं? फेकायच्या कोडला टेस्ट नकोच, पण ज्या कोडवर पेपर उभा आहे तो फेकायचा नसतो ना. आणि ज्युपिटर या नोटबुकमधले सेल, म्हणजे कोडचे तुकडे, वरखाली कसेही चालवता येतात, जुनं व्हेरिएबल मेमरीत तसंच राहतं, आज आलेलं उत्तर उद्या कर्नल (मागे कोड चालवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट केल्यावर येईलच असं नाही.

खोडदकर: दोघंही एकच शास्त्रज्ञ डोळ्यासमोर धरून भांडताय. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्यांचं पायसीबीसी हे सॉफ्टवेअर बघा, पायथनच आहे, टेस्ट आहेत, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळं उघडं. अ‍ॅस्ट्रोपाय ही लायब्ररीही तसंच, खगोलवाल्यांनीच उभं केलंय. म्हणजे जमतं, पण मोठ्या गटाला जमतं. एका गाइडकडे दोन विद्यार्थी, त्यांचा कोड तपासणार कोण? केमिस्ट्रीचा पेपर तपासणाऱ्या रेफरीला पायथन येईलच असं नाही, आणि ज्याला येतं त्याला एनएमआर कळत नाही.

दुर्बीणवाली: हेच म्हणतेय मी! सक्ती झाली की पहिले अडकणार ते लहान कॉलेजातले.

रात्रपाळी_डेव्ह: मग माणूस द्या ना त्यांना. परदेशात काही विद्यापीठांत रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे संशोधकांचा कोड सांभाळणारा माणूस, हे वेगळं पद आहे. हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय, 2023 मध्ये केंद्राने सुमारे 2600 कोटी मंजूर केले, तिथला डेटा आला की मराठवाड्यातली पोरंपण त्यावर कोड लिहिणार. विद्यापीठाने असा एक माणूस नेमला तरी सगळ्या विभागांना पुरेल.

खोडदकर: एक कसला पुरतोय, फिजिक्सवालेच सोडणार नाहीत त्याला. पण पदाची मागणी बरोबर आहे, आणि ते पद कायमचं हवं, प्रोजेक्ट संपला की माणूस घरी असं नको.

दुर्बीणवाली: पद येईल तेव्हा रिव्ह्यूची सक्ती करा, त्याआधी नको. माझं मत तेच आहे.