कृष्णवर्णीय स्त्रीवाद: तरुण पुरुषांनी तो का समजून घ्यावा?

उंबरठा (धागाकर्ता)

'अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या चळवळीशी आपल्या वयाच्या मुलांचा काय संबंध?' असं हमखास विचारलं जातं. माझं मत: अन्याय मोजायची पट्टीच चुकली की काय होतं, हे या विचाराइतकं नेमकं कुणी दाखवलेलं नाही. आणि ती पट्टी बहुतेक वेळा आपणच, पुरुषांनी, धरलेली असते.

जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीचा सेंट लुईसचा खटला घ्या. १९६४ पूर्वी कंपनी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतच नव्हती. पुढे मंदीत सेवाज्येष्ठतेने कपात झाली, म्हणजे शेवटी लागलेला आधी बाहेर. १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. १९७६ चा निकाल असा: कंपनीने १९६४ आधीही स्त्रिया घेतल्या होत्या, म्हणून लिंगभेद नाही. (त्या स्त्रिया गोऱ्या होत्या!) वंशभेदाची तक्रार दुसऱ्या चालू खटल्यात जोडा. दोन्ही मिळून तिसरा दावा होत नाही. अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये ही फट उलगडून दाखवली आणि वंश, लिंग असे भेदभाव एकाच माणसावर एकत्र येऊन पडतात याला 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द दिला.

कातळ

असहमत. १९८० मध्ये जेफरीज या नोकरीतल्या भेदभावाच्या खटल्यात अमेरिकेतल्या अपील कोर्टाने कृष्णवर्णीय स्त्रियांना स्वतंत्र गट मानलंच. कायदा सुधारत गेला, त्याला वेगळा स्त्रीवाद कशाला? शिवाय ज्येष्ठतेने कपात हा मुळात कामगारांचा प्रश्न आहे. त्याचे वंशाचे, लिंगाचे, आणखी कशाचे तुकडे पाडले की मालकाचं फावतं.

उंबरठा

कातळ, जेफरीजचा मुद्दा बरोबर, पण पुढचं पान वाचा. १९८६ मध्ये जज विरुद्ध मार्श प्रकरणात कोर्टाने हद्द घातली: लिंगासोबत आणखी एकच ओळख धरता येईल, जास्त नाही. म्हणजे बाई कृष्णवर्णीय असेल आणि वयस्करही असेल, तर त्यातलं एक सोडून द्यायचं.

तुकड्यांबद्दल म्हणाल तर बोस्टनच्या कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय स्त्रीवादी गटाचं १९७७ चं निवेदन पाहा. पुरोगामी कृष्णवर्णीय पुरुषांशी आपली एकजूट आहे आणि वेगळी चूल मांडणं मान्य नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वंशभेदाविरुद्ध त्यांच्यासोबत लढायचं आणि त्यांच्या पुरुषी वर्चस्वाविरुद्ध त्यांच्याशीही लढायचं. तरुण मुलांनी ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचावीत. पहिलंच सोयीचं म्हणून उचललं जातं.

पाणवठा

माझा आक्षेप वेगळा आहे. बोस्टनपर्यंत जायची गरजच काय? १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनी मुक्ता साळवे यांचा निबंध छापला गेला. मांग-महारांच्या दुःखात त्यांनी बाळंतिणीचं दुःख वेगळं सांगितलं: घरावर छप्पर नाही, थंडीपावसात बाळंतपण. जात आणि बाईपण एकाच वाक्यात आलं, तेही क्रेनशॉ यांच्या १३४ वर्षं आधी. आपल्या घरची शिदोरी सोडून उसनं धान्य मागायचं कारण मला कळत नाही.

नांगरट

पाणवठा, साळवे आधी, हे मान्यच. पण कोर्टात लागतं ते हत्यार कुठूनही आलं तरी चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पाटण जमाल वली प्रकरणात इंटरसेक्शनॅलिटीची हीच संकल्पना वापरली. पीडिता अंध, अनुसूचित जातीची तरुणी. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली, पण ॲट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा रद्द झाली, कारण गुन्हा घडला तेव्हा लागू असलेल्या जुन्या कलम ३(२)(v) मध्ये गुन्हा जातीच्या 'कारणावरून' झाला हे सिद्ध करावं लागे आणि तेवढा पुरावा नव्हता. जनरल मोटर्सचीच अडचण: कारणं सुटी करून दाखवा, मग न्याय मागा.

२६ जानेवारी २०१६ पासून शब्द बदलला. आता पीडितेची जात आरोपीला 'माहीत असणं' पुरतं, आणि आरोपी पीडितेला किंवा तिच्या कुटुंबाला ओळखत असेल तर कलम ८(c) खाली ती माहिती गृहीत धरली जाते. म्हणून फिर्यादीतच ओळख कशी, किती वर्षांची, घर किती अंतरावर हे लिहून घ्यावं. जातीचा दाखला जोडावा. लैंगिक स्पर्श, हावभाव असतील तर ३(१)(w) वेगळं लावायला सांगावं. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे असेल तर तिथेच हरकत नोंदवावी. बचाव पक्ष पुढे याच फटीतून शिरतो.

कातळ

फिर्यादीपुरतं पटलं. युनियनच्या मागणीपत्रात हे कसं बसवायचं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

उंबरठा

कपातीच्या कलमापासून सुरुवात करा. ज्येष्ठता यादीत भरतीचं वर्ष, लिंग आणि सामाजिक गट हे तीन रकाने शेजारी शेजारी मांडा. वेगवेगळ्या याद्यांत जे दिसत नाही, ते तिथे दिसेल.