अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेच्या हद्दी किती वर्षांनी नव्याने आखाव्यात?

आराखडा (प्रश्न)

वाढत्या शहरात अग्निशमन केंद्रांच्या आणि रुग्णवाहिकांच्या हद्दी ठरावीक काळाने नव्याने आखाव्यात, असे नियोजनाच्या कागदपत्रांत नेहमी म्हटलेले असते. मात्र हा काळ कोणता आणि निकष कोणते, याविषयी ती कागदपत्रे मौन पाळतात. आता प्रत्येक गाडीवर जीपीएस असल्याने नियंत्रण कक्षाला सर्वांत जवळची मोकळी गाडी पडद्यावर दिसते. मग हद्दींची गरज उरली आहे का? आणि उरली असेल, तर आग व वैद्यकीय मदत यांसाठी नकाशा एकच असावा की दोन?

नियंत्रण कक्ष

जीपीएसमुळे हद्दी निकालात निघाल्या, हे अर्धेच खरे आहे. वर्दी (मदतीसाठी आलेला फोन) आल्यावर कोणती गाडी धाडायची, एवढेच जीपीएस सांगते. ती गाडी मुळात कोठे उभी असावी, कोणत्या केंद्रात किती जवान असावेत, उंच इमारतींची आगाऊ पाहणी कोणी करावी आणि कोणत्या गल्लीत बंब वळत नाही याची माहिती कोणाला असावी, हे सारे हद्दीवरून ठरते.

काळाचे म्हणाल तर निव्वळ दिनदर्शिकेवर विसंबू नये. दर काही वर्षांनी सविस्तर फेरआढावा घ्यावाच. पण नवा उड्डाणपूल सुरू झाला, रेल्वे फाटक बंद झाले, मोठी वसाहत राहती झाली किंवा एखादे रुग्णालय बंद पडले, की तेवढ्या भागाचा नकाशा लगेच तपासावा. रुग्णालय बंद पडण्याचा परिणाम हद्दीच्या चर्चेत सहसा धरला जात नाही. रुग्णाला दूर न्यावे लागल्याने रुग्णवाहिका प्रत्येक फेरीत जास्त वेळ अडकते, आणि नकाशावर एकही रेघ न हलता तिची हद्द उघडी पडते.

आकडेमोडीपूर्वी नोंदी मात्र नीट पारखून घ्या. ‘पोहोचलो’ हे बटण चालकाने दाबायचे असते. घाईत ते विसरले जाते आणि परतताना आठवले की दाबले जाते; मग चार मिनिटांचा प्रवास नोंदीत अर्ध्या तासाचा दिसतो. शिवाय घड्याळ इमारतीच्या फाटकाशी थांबते, तर जवान त्यानंतरही स्ट्रेचर घेऊन लिफ्टची वाट पाहत उभे असतात. उंच इमारतींच्या भागात हा वेळ वेगळा मोजला नाही, तर तो भाग कागदावर सुरक्षित ठरतो.

गणितज्ञ

वरील मताशी सहमत आहे; फक्त मोजमापाविषयी लिहितो. सरासरीवर नकाशा आखू नये. निम्म्या वर्द्यांना ३ मिनिटे आणि उरलेल्या निम्म्यांना ९ मिनिटे लागत असतील, तर सरासरी ६ मिनिटे येते आणि ती कोणाच्याच अनुभवाशी जुळत नाही. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संघटनेच्या १७१० क्रमांकाच्या मानकात म्हणूनच ९० टक्के वर्द्यांचा निकष आहे: गाडी बाहेर पडण्यासाठी आगीच्या वेळी ८० सेकंद, वैद्यकीय वर्दीला ६० सेकंद आणि पहिल्या बंबाच्या प्रवासासाठी २४० सेकंद.

दुसरे असे की, केंद्रांची संख्या दुप्पट केली म्हणजे अंतर निम्मे होते, असे नाही. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलासाठी रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासातून कोलेसार आणि ब्लम या संशोधकांनी १९७३ मध्ये वर्गमुळाचा नियम मांडला. त्यानुसार उपलब्ध गाड्या दुप्पट झाल्या, तर सरासरी अंतर पूर्वीच्या सुमारे ७१ टक्क्यांवर येते. यात ‘उपलब्ध’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एखादी रुग्णवाहिका ३० टक्के वेळ कामात गुंतलेली असेल, तर दर दहापैकी साधारण तीन वर्द्या शेजारच्या गाडीकडे जाणार आणि त्या वेळेपुरती शेजारची हद्द रिकामी राहणार.

नकाशे दोन असावेत, हे माझे उत्तर याच कारणाने आहे. वैद्यकीय वर्द्या संख्येने खूप जास्त असतात आणि दिवसाच्या प्रहरानुसार जागा बदलतात; तेथे गाडीवर पडणारा भार निर्णायक ठरतो. आगीच्या वर्द्या तुलनेने कमी असतात, पण एका आगीला अनेक गाड्या लागतात, त्यामुळे दुसरा आणि तिसरा बंब किती वेळात येतो हेही पाहावे लागते.

जुना जवान

गणित मान्य आहे, तरी हद्दी वरचेवर हलवू नयेत. पाण्याचे हायड्रंट कोठे आहेत, कोणत्या सोसायटीचे मागचे फाटक रात्री कुलूपबंद असते, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. शिवाय रँडच्या याच अभ्यासांचा आधार घेऊन १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील काही अग्निशमन तुकड्या बंद झाल्या आणि त्याची झळ गरीब वस्त्यांना बसली, अशी कठोर टीका पुढे झाली. नकाशा कोणासाठी वाईट होतो, हे गणित आपणहून सांगत नाही. ते विचारावे लागते.

आराखडा

सर्वांचे आभार. जवानांची आपल्या भागाशी असलेली ओळखही टिकावी आणि नकाशाही बदलत राहावा, याचा मेळ व्यवहारात कसा घालतात?

नियंत्रण कक्ष

मोठ्या हद्दींऐवजी शहराचे लहान-लहान चौकोन पाडावेत आणि ते कायम ठेवावेत. प्रत्येक चौकोनापुढे पहिले, दुसरे, तिसरे केंद्र अशी क्रमवारी असते. फेरआखणीत केवळ ती क्रमवारी बदलते. याने जुन्या आणि नव्या नोंदींची तुलना करता येते, आणि ज्या चौकोनांचे पहिले केंद्र बदलले तेवढ्यांचीच नव्याने ओळख करून घ्यावी लागते. नवी क्रमवारी लागू करण्यापूर्वी मागील वर्षभरातील वर्द्या संगणकावर तिच्यानुसार पुन्हा चालवून पाहाव्यात, आणि ज्या चौकोनांचा वेळ वाढतो त्यांची यादी, वेळ किती वाढतो यासह, मंजुरीच्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर द्यावी. आमच्याकडे ती परिशिष्टात गेली होती; परिशिष्ट कोणी उघडत नाही.