स्प्रिंग कापण्याआधी बंप स्टॉप बघा
या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की स्प्रिंगचा एक वेढा कापला की गाडी खाली बसते आणि वळणावर झुकत नाही, स्वस्तात काम. बसते हे खरं, आणि वेढा कमी झाला की उरलेली स्प्रिंग कडक होते म्हणून झुकणंही कमी होतं, पण शॉकअब्सॉर्बर आणि बंप स्टॉपचं रबर (चाक फार वर आलं की धक्का झेलणारा ठोकळा) आधीचंच राहतं, त्यामुळे चाकाला वर जायला जागा फारच कमी उरते, हा मुद्दा अजून कुणी मांडला नाही. आमच्या हॅचबॅकला मागे स्प्रिंग कापून दीड इंच खाली केलं होतं. दोघंच असलो की मस्त चालायची, पण गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कुंभार्ली घाट उतरलो तेव्हा प्रत्येक खड्ड्याला मागून धाडकन आवाज, आईची कंबर चिपळूणपर्यंत धरली. तिथे गाडी जॅकवर घेतली तर चाक लटकल्यावर स्प्रिंग बैठकीत सैल, बोटांनी गोल फिरत होती! ते बघून पोटात गोळा आला माझ्या.

नियमातला स्पीडब्रेकरसुद्धा 10 सेंमी उंच असतो, आपल्याकडचे तर विचारूच नका. खाली करायचीच असेल तर तयार लोअरिंग स्प्रिंग घ्या, 25-30 मिमीच्या पुढे जाऊ नका, त्याला जुळणारे शॉक आणि आखूड बंप स्टॉप टाका, नंतर चाकांचं अलाइनमेंट कराच. आणि आधी घरच्या सगळ्यांना गाडीत बसवून मागच्या बंप स्टॉपपाशी किती जागा उरते ते वाकून बघा.