मदत हवी आहे: शेजारी थेट विमानं सुरू झाली, तर छोट्या विमानतळाची मागणी किती घटली हे कसं मोजायचं?

मैत्रेयी_खारघर
एम.ए. अर्थशास्त्राचा प्रकल्प आहे, सोमवारी मसुदा द्यायचाय. छोट्या विमानतळाच्या शेजारी मोठा विमानतळ झाला आणि तिथूनही त्याच शहराला थेट विमानं उडायला लागली. छोट्याची मागणी किती घटली? माझ्याकडे महिन्यावार प्रवासीसंख्या आहे. आधीची सरासरी वजा नंतरची सरासरी केली. मॅडम म्हणतात हे चालणार नाही, पण का ते सांगत नाहीत. कृपया लवकर सांगा.

कळवा_नाका
कुठला विमानतळ? कुठला मार्ग? कुठली वर्षं?

उलवेकर
आमच्याकडचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ला सुरू झाला. ठाण्याहून यायचं तर ट्रान्सहार्बरने नेरूळला उतरा, पुढे बस किंवा रिक्षा. सामान जास्त असेल तर सरळ टॅक्सी करा, जिने चढउतार करण्यात दम निघतो.

मैत्रेयी_खारघर
काका, मला कुठे जायचं नाहीये! चिपी, सिंधुदुर्ग. मुंबई–चिपी मार्ग. शेजारी म्हणजे गोव्यातला मोपा विमानतळ, दुसरं कोण असणार?

वेंगुर्ल्याचो
मग आकडे कशाला हवेत, मला विचार. चिपी ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो. मोपा जानेवारी २०२३पासून. बांद्याच्या माणसाला मोपा अगदी दारात. मोपाहून मुंबईला दिवसभर विमानं, आमच्याकडून एकच होतं. ते रद्द झालं की दिवस गेला. बहिणीच्या सासऱ्यांच्या बाराव्याला निघालो होतो, काउंटरवर सांगितलं पैसे परत मिळतील. पैसे घेऊन काय करू? भाड्याची गाडी केली, मोपा गाठलं, संध्याकाळच्या विमानाने मुंबई. तेव्हापासून घरातलं कोणी चिपीचं तिकीट काढायला धजत नाही.

ठाणे_पूर्व_सांख्यिकी
वेंगुर्लेकरांनी मुद्द्याचं सांगितलं. ते मोजले गेले मोप्यात, पण मागणी होती चिपीची.

मैत्रेयी, मॅडम का अडवतायत ते बघ. पहिलं, तुझा आकडा उडालेल्या प्रवाशांचा आहे, मागणीचा नाही. त्या मार्गावर साधारण ७० आसनांचं एटीआर होतं. विमान भरून गेलं, तर बाहेर आणखी किती जण तिकीट शोधत होते हे त्या आकड्यात येतच नाही. म्हणून फेऱ्या किती झाल्या आणि दर फेरीला किती जागा भरल्या, हे वेगळं काढ.

दुसरं, तुझ्या ‘आधी’मध्ये जानेवारी २०२२ आहे. तेव्हा ओमायक्रॉन होता. तो महिना धरलास तर ‘आधी’ची सरासरी उगाच खाली येते आणि मोपाचा परिणाम कमी दिसतो.

तिसरं, हा मार्ग उडान योजनेतला, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणारा. अनुदान तीन वर्षांचं. ऑक्टोबर २०२४ला ती मुदत संपली आणि मुंबई–चिपी बंद झालं. त्यानंतरची शून्यं मागणीची म्हणून धरलीस, तर सगळं खापर मोप्यावर फुटेल.

दादर_सावंतवाडी
आणि रेल्वे? २७ जून २०२३ला मुंबई–मडगाव वंदे भारत सुरू झाली. ठाण्याला थांबते, कणकवलीला थांबते. मोपा आणि वंदे भारत एकाच वर्षात आले. मी तर म्हणतो चिपीचे प्रवासी रेल्वेनेच ओढले. ठाण्याचा माणूस कणकवलीला जायला अंधेरीपर्यंत कशाला तडफडेल?

ठाणे_पूर्व_सांख्यिकी
कणकवलीकराच्या बाबतीत पटतं. पण मुंबईला उतरून दिल्लीचं विमान धरणारा वंदे भारतने जात नाही. त्याला मोपाहून थेट दिल्ली मिळाली, तो आधी गळणार. शहरजोडीच्या, म्हणजे दोन शहरांमधल्या प्रवाशांच्या, आकड्यात हा प्रवासी ‘चिपी–मुंबई’ म्हणूनच दिसतो, पुढे कुठे गेला ते कळत नाही. म्हणजे मुंबई–मोपा विमानांशी स्पर्धा आणि दिल्ली, बंगळूरच्या थेट विमानांशी स्पर्धा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दादर_सावंतवाडी
तुमचे दिल्लीवाले किती असणार? चाकरमानी मोजा. गणपतीत तुतारी एक्सप्रेस बघा, पाय ठेवायला जागा नसते.

कळवा_नाका
वाद पुरे, मुलीला सोमवारी द्यायचंय. ताई, तुलना कशाशी करणार? नुसतं आधी-नंतर पुरणार नाही. शेजारी नवं काही आलं नाही असा दुसरा छोटा विमानतळ घ्या. कोल्हापूर, नांदेड, जळगाव बघा, पण तिथली सेवा मधेच खंडित झाली नव्हती ना, ते आधी तपासा. चिपीत झालेल्या बदलातून तिथला बदल वजा करा.

उलवेकर
आमच्याकडून गोव्याला थेट विमानं सुरू झालीत, तेही धरा. पनवेलची मंडळी आता सांताक्रूझला कशाला जातील?

मैत्रेयी_खारघर
काका, माझा काळ ऑक्टोबर २०२४ला संपतो, तुमचा विमानतळ नंतरचा. सांख्यिकी सर, फेऱ्यांचं आणि तुलनेचं करते. पण मोपाच्या आधीचा ऑगस्ट २०२२ आणि नंतरचा ऑगस्ट २०२३ थेट समोरासमोर ठेवले तर?

ठाणे_पूर्व_सांख्यिकी
ऑगस्ट एकटा घेऊ नकोस. गणेश चतुर्थी २०२२मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३मध्ये १९ सप्टेंबरला. जाणाऱ्यांची गर्दी एका वर्षी ऑगस्टमध्ये पडली, पुढच्या वर्षी सप्टेंबरात. दोन्ही महिने एकत्र करून घे.