तबकड्या भंगारात नकोत

परभणीच्या घरातील आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या भंगारवाल्याला द्याव्यात का, असे आपण विचारले आहे. कृपया देऊ नयेत. आधी प्रत्येक तबकडीच्या लेबलवरील गायकाचे नाव आणि क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, कारण संग्राहक प्रथम तेच विचारतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या हातातून निसटल्या की फुटतात, आणि व्हिनाइल या प्लास्टिकच्या एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या, आपल्याकडील मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर राहिल्या तर वाकतात, म्हणून दोन्ही वेगळ्या करून थंड खोलीत उभ्या ठेवाव्यात. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे. यादी तिथे जरूर पाठवावी. आजोबांच्या तबकड्यांतील नाट्यपदांचा संच मात्र फोडून विकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पैसे कमी आले तरी तो एकाच जाणकाराच्या हाती जावा.